सावलीत नेलेला डबा

दोषाचे ओझे वाहण्यास दुर्बळ खांदा फार लवकर सापडतो. म्हणून न्याय करणाऱ्याने पावले सावकाश टाकावीत. परंतु दुबईजवळच्या अल धैद गावातल्या त्या शेतावर सावकाशीला सवड नव्हती. तिथल्या रामेश्वर या मजुराला संध्याकाळच्या विमानाने गावी धाडायचे ठरले होते.

बर दुबईच्या खाजगी गुप्तहेर समिधा शांत होत्या. त्यांची गाडी हाकणारा चुलतभाऊ अरुण मात्र सारखा घड्याळ पाहत होता.

त्यांना बोलावून घेणाऱ्या, शेताच्या मॅनेजर वीणा सांगू लागल्या, "खत म्हणून जमिनीत अमोनिया सोडायच्या टाकीचा पाइप सांध्यातून निसटला. मुकादम महादूंनी घाम पुसायला गॉगल वर केला होता. वायू थेट डोळ्यांत गेला. अशा वेळी तत्क्षणी पाणी मारावं लागतं, म्हणून टाकीवर पाण्याचा डबा असतोच. तोच जागेवर नव्हता. त्या गाफच्या झाडाखाली सापडला, ओल्या कापडात गुंडाळलेला. रामेश्वर तिथेच काम करत होता, आणि सकाळी त्याचं मुकादमांशी भांडण झालेलं. ओनर म्हणाले, खलास, पाठवून द्या."

समिधांनी टाकीवरच्या नव्या डब्यात बोट बुडवले आणि झटकन मागे घेतले.

"भांडण कशाचं रे?" त्यांनी रामेश्वरला विचारले.

"काका बोडक्यानं उन्हात उभे होते. रोज डोक्याला गुंडाळतात, आज नाही. म्हटलं, शेंडीसकट शिजाल. तर म्हणाले, तू माझा बाप का? ताई, डबा मी नाही हलवला."

पंप सांभाळणारा अजीज म्हणाला, "मॅडम, नलका तो पास में था, हवा भी उधर से साफ आ रही थी. महादूभाई उल्टा पेड की तरफ भागे. मैं ही खींच के नलके पे लाया."

"या अजीजनेच डबा लपवला असणार," अरुण कुजबुजला.

"आणि मग यानेच वाचवलं?"

"पश्चात्ताप झाला असेल."

"दादा, तू गाडी काढ."

रुग्णालयात महादूच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. दृष्टी वाचेल, असे डॉक्टर म्हणत होते. डब्याचा विषय निघताच त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. "मला ठाऊक नाही, पोरी."

वीणा आणि अरुण पलंगाशी उभे होते. समिधा हलकेच बोलू लागल्या.

"वैरी डबा पळवील, त्याला ओलं कापड गुंडाळून गार कशाला ठेवील? टाकीवरचं पाणी उन्हात इतकं तापतं, की बोट ठरत नाही. ते डोळ्यांवर मारायचं कसं, ही चिंता ज्याला होती, त्यानेच डबा सावलीत नेला. कापड कुणाचं? जो रोज डोकं झाकतो आणि आज बोडका होता, त्याचं. म्हणून घाम डोळ्यांत उतरला, म्हणून गॉगल वर गेला. आणि डोळे जळत असताना जवळचा नळ सोडून माणूस झाडाकडे धावतो, तो पाणी तिथे आहे हे जाणूनच. काका, रामेश्वरला आज परत धाडताहेत."

महादू ताडकन उठून बसला. "त्याला का?"

"डबा त्याने लपवला म्हणून."

"मला कुणी सांगितलं नाही हे. डबा टाकीपासून हलवायचा नाही, हे मीच सगळ्यांना दरडावून शिकवलं. मीच हलवला. कोणत्या तोंडानं सांगणार होतो? वीणाताई, त्या पोराला थांबवा. आधी त्याला थांबवा."

वीणांनी ओनरला फोन लावला. "रामेश्वर कुठेही जाणार नाही, सर," त्या म्हणाल्या. "आणि टाकीवर आजच छप्पर बसेल. डबा तिथेच राहील."

अरुणने प्रथमच घड्याळावरून दृष्टी काढली.

महादूच्या नेत्रांना प्रकाश लाभो, रामेश्वरच्या मनातला सल विरो. आणि परक्या वाळूत हिरवे पिकवणाऱ्या त्या सर्वांचे मंगल असो.