टोपलीवरची लाल रेघ

ही गोष्ट मी रचलेली नाही. मला रचता येत नाही. मी आलितुस शहरात पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. जेवढं मोजलं तेवढंच लिहायचं, ही माझी सवय. कुणाला खोटं वाटलं तर त्यानं खुशाल खोटं म्हणावं. मलाही तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरमधला शनिवार होता. संध्याकाळ. दुपारपासून धुकं इतकं उतरलं होतं की समोरच्या इमारतीच्या खिडक्याही दिसत नव्हत्या.

घरात मी एकटीच होते.

आणि सामानाच्या खोलीत घरघरणारा तो कॉम्प्युटर...

त्या कॉम्प्युटरवर माझा फोरम चालतो. अळंब्या गोळा करणाऱ्यांचा. शिकत असताना मी हौसेनं त्याचा प्रोग्राम लिहायला घेतला, तो अजून लिहितेच आहे. रोज काहीतरी बिघडतं. रोज मी दुरुस्त करते. यातून काही मिळत नाही, पण हिवाळा लागेपर्यंत आमच्याकडे कुणी ना कुणी टोपली घेऊन येतंच.

पद्धत सोपी आहे. टोपलीचा फोटो टाकायचा. तीन जाणकारांनी खायला 'हो' म्हटलं की फोटोच्या कोपऱ्यात हिरवं पान उमटतं. एकानं जरी 'नाही' म्हटलं, तर पान जातं आणि तिथे लाल रेघ येते. खाली 'नाही' म्हणणाऱ्याचं नाव. नावाशिवाय मत घ्यायचंच नाही, ही अट मीच प्रोग्राममध्ये घातली आहे.

त्या संध्याकाळी माझ्या धाकट्या भावाचा, रितिसचा फोन आला. तो वारेनाच्या जंगलाला लागून असलेल्या गावात राहतो.

"ताई, तुझ्या म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर फोटो टाकलाय. बघ जरा."

"तुला कशाला हवा कट्टा? तू तर पोटातूनच शिकून आलायस ना?"

"योलिताचा हुकूम आहे. ती कामावर गेलीय, जाताना सांगून गेली. ताईच्या फोरमचं हिरवं पान आल्याशिवाय तवा चढवायचा नाही. नवऱ्यावर विश्वास नाही, पण तुझ्या यंत्रावर आहे बघ."

मागून लोण्याचा चर्र आवाज येत होता. तवा चढलेलाच होता. त्याची पाच वर्षांची मुलगी, स्मिल्ते, काहीतरी गुणगुणत होती. सकाळी तीही बापाबरोबर जंगलात गेली होती.

मी फोटो पाहिला. टोपली बारावीकस जातीच्या अळंब्यांनी भरलेली. जाड देठ, तपकिरी टोप्या. या अळंबीची विषारी अळंबीशी गल्लत होणं जवळपास अशक्य. टोपलीच्या काठावर स्मिल्तेची बोटं दिसत होती आणि निळ्या कोटाची बाही.

तिन्ही 'हो' लगेच आले. शेवटचा अल्दोना काकूंचा. त्यांचं पूर्वी औषधांचं दुकान होतं, आणि जीभ अजूनही तशीच कडू. त्यांनी खाली लिहिलं, "टोपली झकास. पण पोरा, देठ इतके वरून कापतात का? अर्धं जेवण जंगलाला वाढून आलास!"

हिरवं पान उमटलं.

आणि माझ्या डोळ्यांदेखत गेलं.

त्या जागी... लाल रेघ.

खाली नाव नव्हतं.

मी घाबरले नाही. सकाळीच मी मतं मोजण्याचा भाग बदलला होता, तेव्हा चूक माझीच असणार. मी मतांची नोंद उघडली. मतं चार होती. तिघांची नावं होती. चौथ्याच्या नावाची जागा रिकामी. मत कधी दिलं, तीही जागा रिकामी.

"ताई, हे लाल कसं झालं? कांदा करपतोय इथे."

"माझी चूक आहे. थांब, काढते."

मी चौथं मत पुसलं. पान परत आलं.

"आलं! चल गं स्मिल्ते, हात धुऊन..." तो मध्येच थांबला. "परत लाल."

मीही तेच पाहत होते. फक्त रेघ आता कोपऱ्यात नव्हती. थोडी खाली उतरली होती.

ते शक्य नव्हतं. रेघ कुठे काढायची ते ठिकाण प्रोग्राममध्ये पक्कं लिहिलेलं आहे. सकाळी मी त्याला हातही लावला नव्हता.

"तुझ्या यंत्राचा हात थरथरतोय वाटतं," रितिस हसला. "म्हातारं झालं बिचारं."

मी पुन्हा पुसलं.

रेघ पुन्हा आली. अजून खाली. टोपलीच्या मुठीवर.

मी उठले. सामानाच्या खोलीत गेले आणि कॉम्प्युटरच बंद केला. त्याचा पंखा हळूहळू थांबला. इतकी शांतता त्या घरात कित्येक वर्षांत झाली नव्हती.

"रितिस, फोरम बंद केलाय. तुझ्या फोनवर आता दिसतंय ते राहिलेलं जुनं चित्र. ते काही बदलणार नाही. उद्या बघते मी."

"बरं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"रितिस?"

"ताई... तू म्हणालीस ना, बदलणार नाही म्हणून?"

"कसं बदलेल? बंद आहे सगळं."

"सरकतेय गं."



"मी बोटही लावलं नाही. आईशप्पथ. टोपलीच्या बाहेर आलीय... कडेला... थांबली."

"कुठे थांबली?"

"स्मिल्तेनं टोपली धरलीय ना. तिच्या बोटांवर."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गुणगुणणं ऐकू येत नव्हतं. कधी थांबलं, मला सांगता येणार नाही.

"स्मिल्ते कुठंय?"

"खोलीत. बाहुल्यांना जेवू घालतेय."

"काय जेवू घालतेय?"

पावलं वाजली. दार करकरलं. मग बराच वेळ फक्त तव्यावरचं लोणी...

लांबून स्मिल्तेचा आवाज आला. "बाबा, ही मी एकटीनं तोडली. आत्याला पण दाखव ना."

मग रितिस बोलला. तो आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"ताई, टोपी फिकट हिरवी. देठ पांढरा. बुडाशी पिशवीसारखं काहीतरी आहे. आणि... अर्धीच आहे."

"उरलेली अर्धी कुठंय? विचार तिला."

मुलांना विचारताना आवाज गोड ठेवावा लागतो. त्यानं ठेवला. कसा ठेवला, देव जाणे.

"बाहुलीनं खाल्लीच नाही," स्मिल्ते म्हणाली. "मग मी खाल्ली."

विल्नियसच्या रुग्णालयात मी त्यांच्या मागोमाग पोचले. तो अर्धा तुकडा रितिसनं रुमालात बांधून आणला होता. डॉक्टरांनी तो पाहिला, मग कॉटवर पाय हलवत बसलेल्या स्मिल्तेकडे पाहिलं.

"हिला अजून काहीच होत नाहीये. मग तुम्हाला कळलं कसं? या विषानं उलट्या दुसऱ्या दिवशी सुरू होतात. लोक तेव्हा येतात. तेव्हा उशीर झालेला असतो."

रितिसनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"शंका आली," मी म्हणाले.

पुढचे काही दिवस यकृताच्या तपासणीचे आकडे मी रोज स्वतः वाचत होते. चढले. अजून चढले. योलिता कॉटच्या कडेला डोकं टेकून बसायची, आणि माझा चेहरा पाहून आकडा ओळखायची. मग एका सकाळी ते उतरायला लागले.

स्मिल्ते घरी आली.

त्यानंतर मी कॉम्प्युटर चालू केला. मतांची नोंद उघडली. तिथे तीनच मतं होती. चौथं कधी नव्हतंच, असं. मूळ फोटो स्वच्छ होता. फोरमच्या पानावर मात्र कोपऱ्यात हिरवं पान...

आणि स्मिल्तेच्या बोटांवर लाल रेघ.

मी प्रोग्राम ओळीओळीनं वाचला. रेघ काढणारा भागच काढून टाकला. आता माझ्या फोरमवर कुणाच्याच फोटोवर रेघ येऊ शकत नाही.

ती तिथेच आहे.

फोटो पुसता येईल. पुष्कळदा तिथवर जाते. पण पुसला तर नक्की काय पुसलं जाईल, ते मला माहीत नाही. म्हणून हात मागे घेते.

स्मिल्ते या वर्षी शाळेत जायला लागली. दर रविवारी ती फोनवर मला बाहुल्यांच्या तक्रारी सांगते. खाते, खेळते, उंचही झालीय. मग रितिस फोन घेतो, बाजूला जातो आणि दर वेळी हळू आवाजात तेच विचारतो.

"ताई, ती रेघ गेली ना गं?"

"कधीच गेली," मी म्हणते.

काल फोन ठेवल्यावर मी पुन्हा तो फोटो उघडला.

रेघ आता बोटांवर नाही...

मनगटावर आहे.