कौताकचा नकार

खाडीतल्या बर्फाखाली तापमापकांची एक लांब माळ टांगलेली होती. बर्फ फुटायच्या आत ती आणि तिच्या नोंदी साठवणारी पिवळी पेटी काढून आणायची, एवढ्यासाठी तिघं जण बॅफिन बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर तंबू ठोकून बसली होती. कॅनडा, नॉर्वे आणि जपान, तिन्ही देशांनी मिळून चालवलेली ही नोंद. बारा हिवाळे, एकदाही खंड नाही! आणि यंदाचा तेरावा हिवाळा तर इतका उबदार, की वस्तीतल्या म्हाताऱ्यांनीही तसा पाहिला नव्हता. त्यात अस्वलाने पेटीवरची आकडे पाठवणारी तार मोडून टाकलेली. त्यामुळे अख्खा हिवाळा त्या पेटीतच अडकून पडला होता, बाहेर एक आकडाही आलेला नव्हता.

नौयाक इथलीच, याच वस्तीत वाढून शास्त्रज्ञ झालेली. सुनिव्हा नॉर्वेची, याच कामात तिचे केस पिकले, आणि हा तिचा शेवटचा हंगाम. वाट काढायला होता कौताक, साठी ओलांडलेला शिकारी. तो नौयाकला ‘आई’ म्हणायचा. थट्टेने नव्हे! त्याची आई गेली त्याच वर्षी ही जन्मली, तिला त्या आईचंच नाव ठेवलं, आणि इथे नावाबरोबर माणूसही परत येतं. मग तिचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, तिला आई म्हणायचं आणि ती मागेल ते द्यायचं. चार वर्षांच्या नौयाकने बोट दाखवलं, की हा आडदांड गडी आपल्या वाट्याचं माशाचं डोकं तिच्यापुढे ठेवायचा. तीही त्याला ‘बाळा’ म्हणायची, आणि त्या नात्याचा पुरेपूर फायदा उठवायची.

मोहिमेचा नियम एकच. बर्फावर पाय ठेवायचा की नाही, ते कौताक ठरवणार. तो नाही म्हणाला, की तिन्ही देशांनी मुकाट्याने बसायचं.

त्या सकाळी बर्फावर निळ्या पाण्याची डबकी साचली होती आणि खाडीच्या तोंडाशी, बर्फ फुटू लागला होता तिथे, उघड्या पाण्याची एक काळी रेघ उमटली होती. नौयाकलाही ती दिसली. न दिसायला ती काय परकी होती?

“त्याला नीट विचार,” सुनिव्हा म्हणाली. “पेटी गेली तर गेली. मला तिघंही परत हवीत.”

नौयाक आपल्या भाषेत लाडीगोडीने म्हणाली, “बाळा, जायचं ना रे? आज नाही गेलो, तर पेटीच्या नावाने आंघोळच!”

कौताकने चहाचा घोट घेतला. काळ्या रेघेकडे पाहिलं. मग कपात पाहिलं.

“आईची इच्छा,” तो म्हणाला.

“काय म्हणतोय? हो?” सुनिव्हाने विचारलं.

“हो,” नौयाक म्हणाली.

हो नव्हतं ते! तिला पक्कं ठाऊक होतं. आईने असं गोड विचारल्यावर त्याच्या तोंडून नाही निघणार नव्हतं, आणि म्हणूनच तर तिने तसं विचारलं होतं.

स्नोमोबाइलमागे घसरगाडी, घसरगाडीवर छोटी होडी. निघाले! डबक्यांतून पाणी उडवत, भेगांवरून उड्या मारत कौताक गाडी हाकत होता.

“आई, घट्ट धर!” तो ओरडला. “पडलीस, तर वर गेल्यावर बाबा माझी पाठ सोलतील!”

“तू पुढे बघ, गाढवा!” नौयाक हसत ओरडली. त्या घटकेला तिला खरंच वाटलं, सगळं पार पडेल.

पेटी सापडली, अर्धी पाण्यात कललेली. नौयाकने भोवतालचा बर्फ फोडला आणि माळेची दोरी दोन्ही हातांनी ओढायला घेतली. इतक्यात वारा फिरला. किनाऱ्याकडून सुटला. मागे कुठेतरी दाणकन आवाज झाला.

“भेग रुंदावतेय!” सुनिव्हा किंचाळली. “सोड ते!”

“थोडंच राहिलंय!” नौयाकने पेटी उचलली. तिच्या हातात होती ती! पण बर्फाखाली अडकलेली माळ तिला खाली खेचत होती. कौताक पहार घेऊन धावला. ‘चल’ म्हणाला नाही, ‘पुरे’ म्हणाला नाही. आईला पेटी हवी होती ना!

बर्फ फुटला. कौताक छातीपर्यंत आत गेला!

नौयाकने हात सोडले. पिवळी पेटी एकदा गटांगळी खाऊन खाली गेली. तिने वळूनही पाहिलं नाही. पोटावर सरपटत तिने कौताकची कॉलर धरली, सुनिव्हाने दोर फेकला. तेवढ्यात बर्फाचे दोन तुकडे एकमेकांवर आदळले, आणि मधे त्याचा गुडघा होता. तो एकदाच ओरडला. “आई गं!” असं ओरडला.

ओढला! त्याला होडीत घातला, स्नोमोबाइल तिथेच सोडली आणि दोघी वल्ही मारत सुटल्या. बऱ्याच वेळाने नौयाक म्हणाली, “तो हो म्हणाला नव्हता.” सुनिव्हा वल्हवत राहिली.

तिघंही वाचली. पण कौताकचा गुडघा पुन्हा वाकला नाही, आणि ज्याला गुडघा नाही त्याला बर्फ नाही. आलेखावर तेराव्या हिवाळ्याची जागा कोरी राहिली. सुनिव्हाने तसं कळवलं. दोष कुणालाच दिला नाही. नौयाकला तेच जास्त लागलं.

“मला नाही म्हणायला शिक,” उन्हाळाभर ती कौताकला विनवत होती.

“तूच लहानपणी शिकवलं नाहीस,” तो हसून म्हणायचा. “आता या वयात कुठे जमणार?”

नोव्हेंबरात नवा बर्फ धरला. नवी माळ टांगायची होती. कौताक दारापुढे खोक्यावर बसला होता, काठी मांडीवर. नौयाक त्याच्याजवळ उकिडवी बसली आणि काहीही गोडवा न लावता तिने विचारलं, “उद्या जाऊ का?”

तो खाडीकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले, थांबले. काठी दोन्ही मुठींत घट्ट आवळली गेली.

“नको जाऊस, नौयाक,” तो म्हणाला.

ती गेली नाही. पण जन्मात पहिल्यांदा त्याने तिला नावाने हाक मारली होती, आणि त्यानंतर त्याने तिला पुन्हा कधी आई म्हटलं नाही.