ठेवलेली चूक

सुट्टीच्या दिवशी, दुपारची जेवणं उरकून घार कामाला निघाली, तेव्हा तिची लेक सोफ्यावर आडवी होऊन फोन चाळत होती.

"आई, मॅन्युअल कोणी वाचतं का गं?" मान न वळवता तिनं विचारलं.

"कोणी वाचत नाही म्हणून चुकीचं लिहायचं?"

"तसं नाही. पण सुट्टीच्या दिवशी..."

"दूध गॅसवर आहे. उतू गेलं तर मात्र ते सगळ्यांना वाचता येईल," असं म्हणत घारीनं चपला चढवल्या.

घार हे नाव तिला वर्तमानपत्रात पडलं होतं. तिथे ती मुद्रितशोधक होती. छपाईला निघालेल्या पानावर ती वरून एक नजर फिरवी आणि नेमकी चूक चोचीत धरून उचली. पुढे मालकांना साक्षात्कार झाला की वाचकाला चुकांचं काही वाटत नाही, आणि त्यांनी शोधक काढून टाकले. नंतर वाचकाला त्या वर्तमानपत्राचंही काही वाटेनासं झालं. पण हे मालकांना सांगायला तोवर तिथे कोणी उरलंच नव्हतं.

घार रडत बसली नाही. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत शिरली. इमारतींची दारं, दिवे आणि कॅमेरे सांभाळणारं सॉफ्टवेअर ही कंपनी विकायची. ते कसं वापरावं हे सांगणारं इंग्रजी पुस्तक म्हणजे मॅन्युअल. त्यातलं स्पेलिंग तपासायचं आणि कुठलं अक्षर कॅपिटल, कुठलं स्मॉल हे बघायचं, एवढंच तिचं काम. एवढंच, असं म्हणणारे खूप भेटतात. अक्षराला जपणाऱ्या माणसाला कारकून समजायची फॅशन आहे. मात्र चूक छापून आली की सगळ्यांची बोटं त्याच कारकुनाकडे वळतात.

या खेपेला तसंच झालं होतं. घाईत तिच्या नजरेखालून न घालताच पाठवलेलं मॅन्युअल एका मोठ्या गिऱ्हाइकानं परत पाठवलं. कंपनीनं आपल्याच सॉफ्टवेअरचं नाव त्यात पानोपानी वेगवेगळं लिहिलं होतं. कुठे पहिलं अक्षर मोठं, कुठे मधलंच मोठं, कुठे सगळीच लहान. 'यांना स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही, हे आमची दारं काय सांभाळणार?' असं गिऱ्हाइकानं कळवलं होतं.

"एवढं काय त्यात, ताई," तिच्या लेकीच्या वयाचा साहेब म्हणाला होता, "कळल्याशी कारण."

"तुमच्या लग्नाच्या पत्रिकेत नवरीचं नाव चुकलं असतं, तरी कळलंच असतं की लोकांना."

साहेब हसला नाही. "हे बघा, उद्या सकाळी फाइल जायला हवी. एक जरी चूक सापडली, तर पुढच्या महिन्यापासून तपासायचं काम मशीनकडे. वरून तसं ठरलंय."

म्हणून सुट्टीची ही दुपार. अनुभवाच्या जोरावर नव्हे, मेहरबानीवर ती टिकली आहे, असं कोणाला म्हणू द्यायची तिची तयारी नव्हती.

मजल्यावर कोणी नव्हतं. हवा बंद होती, गालिच्याला उन्हात तापलेल्या धुळीचा वास येत होता. लिफ्टपासून एक लांबलचक कॉरिडॉर निघायचा आणि त्याच्या टोकाला घारीची खोली. चालणाऱ्याची चाहूल लागली की तिथले दिवे आपोआप लागत, टक... टक... करत, एकामागून एक. माणूस पुढे गेला की मागचे विझत. तिच्या खोलीतही तसाच दिवा होता आणि तो तिला रोज छळायचा. ती वाचत स्थिर बसली की त्याला वाटे, खोलीत कोणी नाही, आणि तो विझे. मग तिनं हात हलवायचा, की हा पुन्हा हजर. "वाचणारा माणूस यांच्या लेखी मेलेलाच," असं ती सगळ्यांना सांगे.

तिची पद्धत जुनी होती. फाइल छापायची, कागदावर लाल पेनानं खुणा करायच्या, त्याप्रमाणे संगणकावर दुरुस्त करायचं, आणि पुन्हा छापायचं. जेवढी प्रुफं तेवढी फाइल स्वच्छ. आज तिनं नवं प्रूफ काढलं आणि वाचायला घेतलं. पानामागून पान निर्मळ निघत गेलं. कुंडीतलं तण उपटून झाल्यावर मोकळ्या मातीकडे बघताना वाटतं, तसं तिला वाटलं. मनातल्या मनात तिनं स्वतःची पाठ थोपटली. दुसरं कोण थोपटणार?

मग कॅमेऱ्यांच्या प्रकरणातलं चित्र आलं. कॅमेऱ्यातून काय दिसतं हे दाखवायला कंपनीनं आपलाच कॉरिडॉर टिपून तिथे घातला होता. कॅमेरा घारीच्या दारावर बसवलेला, त्यामुळे चित्रात दारापासून लिफ्टपर्यंतचा रिकामा पट्टा दिसायचा.

आता तो रिकामा नव्हता.

पाण्याच्या मशीनपाशी कोणीतरी उभं होतं. उंच, सडपातळ, काळपट. मान खाली झुकलेली, हातातला कागद वाचणाऱ्याची असते तशी.

घारीनं चष्मा पुसला. खणातून आधीची प्रुफं काढून तिनं शेजारी शेजारी मांडली. पहिल्यात कॉरिडॉर मोकळा. दुसऱ्यात लिफ्टपाशी एक डाग. तो शाईचा समजून तिनं छपाईयंत्राला शिव्या घातल्याचं तिला आठवलं. तिसऱ्यात डागाला खांदे फुटले होते. चित्राची फाइल तर कोणी उघडलीही नव्हती. बदलले होते ते फक्त शब्द, आणि ते तिनं बदलले होते. चुका कमी होत गेल्या, तसं ते जवळ येत गेलं होतं.

दिवा विझला. तिनं हात हलवला. दिवा लागला.

चित्राखालच्या ओळीत सॉफ्टवेअरचं नाव होतं, आणि त्याचं पहिलं अक्षर लहान. अख्ख्या पुस्तकात उरलेली ही एकच चूक. ती घारीला पहिल्या दिवशीच दिसली होती. पण फाइलीत त्या अक्षराला एक शेरा जोडलेला होता: 'हे बदलू नये.' संगणकाच्या काही आज्ञा लहान अक्षरांतच लिहाव्या लागतात, तसं काही असेल, विचारून मग बदलू, म्हणून तिनं ते शेवटाला ठेवलं होतं. शेरा आधीच्या तपासनिसाचा होता. ऑफिसात सगळे त्याला आबा म्हणत. निवृत्त होऊन तो आता घरी होता. त्याचा नंबर खणाच्या आतल्या बाजूला अजून चिकटवलेला होता.

"आबा, मी तुमच्या खुर्चीवरून बोलतेय."

पलीकडून हलक्या आवाजात प्रश्न आला, "कुठवर आलाय?"

तिनं अजून काही विचारलंही नव्हतं.

"कोण?"

"म्हाताऱ्याला खेळवू नका, ताई. चित्र बघा नि सांगा."

"पाण्याच्या मशीनपाशी."

"म्हणजे एकच उरलीये. चित्राखालची. तिला हात लावू नका."

"ती चूक आहे, आबा."

"चूकच आहे. मी ठेवलीये."

"ठेवलीये? ती काय बँकेतली ठेव आहे?"

"गालबोट समजा."

"उद्या माझ्या नावाला लागेल, त्या गालबोटाचं काय?"

आबानं विचारलं, "नजर कशी आहे तुमची?"

"मला घार म्हणतात."

"मलाही गरुड म्हणायचे." तो हसला असावा, किंवा खोकला. "एक चूक ठेवली की तो बाहेर थांबतो. नाही ठेवली तर आत येतो... वाचायला. आणि मग एकही निसटून चालत नाही, ताई. ठेवलेली चालते. निसटलेली नाही. माझी एक निसटली, डावा डोळा गेला. उजवा राहावा म्हणून ही ठेवली."

"मोतीबिंदू असेल, आबा."

"डॉक्टरही हेच म्हणाले."

"माझ्या हातून निसटत नाही."

"हो," आबा म्हणाला, "मीही असंच म्हणालो होतो." फोन बंद झाला.

घार बसून राहिली. फोनच्या पलीकडे म्हातारपण होतं, भीती होती, दुसरं काय, असं तिनं स्वतःला समजावलं. पण कागदावरचं ते वाकलेलं डोकं समजुतीला बधत नव्हतं. अक्षर लहान राहू दिलं तर उद्या साहेबाच्या हातात तिची चूक, जाणूनबुजून ठेवलेली. आयुष्यभर लोकांच्या चुका उचलल्या आणि शेवटी घाबरून एक पदरात बांधून घेतली, असं घडणार होतं. वर्तमानपत्राच्या मालकांनी तिला काढलं तेव्हाही ती घाबरली नव्हती.

तिनं लहान अक्षर खोडलं. मोठं टाकलं. शेरा पुसला. आणि छापायला दिलं.

छपाईयंत्र घरघरत असतानाच बाहेर आवाज झाला. टक.

लिफ्टपाशी.

टक... पाण्याच्या मशीनपाशी. टक... दाराखालच्या फटीतला उजेड एकेक पायरी वाढत गेला. पावलं वाजत नव्हती. फक्त कागद चाळल्यासारखी सळसळ होत होती, आणि कुठूनतरी येत होता जुन्या छापखान्याचा वास. शाई, रॉकेल, ओला कागद. त्या वासात तिच्या उमेदीची वर्षं गेली होती. इथे तो यायचं काही कारण नव्हतं.

उजेड दाराशी थांबला.

घार उठली. खुर्ची नीट सरकवली आणि स्वतः दार उघडलं.

"या," ती म्हणाली, "चूक सापडली तर दाखवा."

कॉरिडॉर रिकामा होता. दिवे एकेक करत विझत लिफ्टपर्यंत गेले. तिनं छापलेलं पान उचललं. चित्रात कोणी नव्हतं. ती जागेवर बसली आणि अख्खं पुस्तक पहिल्यापासून पुन्हा वाचलं, अगदी स्थिर. शेवटच्या पानावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की या वेळी खोलीतला दिवा एकदाही विझला नव्हता.

गिऱ्हाइकाचं उत्तर आलं: 'एकही दोष आढळला नाही.' साहेबानं ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, थोडं नाइलाजानं. मशीनची गोष्ट मागे पडली. घारीनं मान वर करून टाळ्या ऐकल्या. त्या तिच्या हक्काच्या होत्या, हे मी छातीठोकपणे सांगतो. लेकीनंही त्या दिवशी फोन बाजूला ठेवला आणि मॅन्युअलची दोन पानं वाचून पाहिली. "आई, काही कळलं नाही, पण एकदम स्वच्छ आहे गं," ती म्हणाली.

तेव्हापासून दिवा विझत नाही. खालचा वॉचमन एकदा म्हणाला, "ताई, जाताना खोलीतला दिवा बंद करत चला. तुम्ही कुलूप लावून गेल्यावरही चालू असतो."

"तो आपोआप विझतो," ती म्हणाली.

"माणूस नसेल तर विझतो," वॉचमन म्हणाला. मग आपण काय बोललो हे कळून तो उगाचच चाव्या मोजू लागला.

दिवा एकदाच विझला. थकलेली घार एक पान उलटणार, तोच खोलीत अंधार झाला. हात हलवूनही तो गेला नाही. तिनं पान तसंच धरलं, फोनच्या उजेडात पुन्हा वाचलं. तळटिपेत एक अक्षर दोनदा पडलं होतं. तिनं ते खोडलं. दिवा लागला, तिनं हात न हलवता.

गेल्या महिन्यात चष्म्याचा नंबर वाढला. डाव्या डोळ्याचा. वयोमानानं होतं, डॉक्टर म्हणाले. परतल्यावर नव्या फाइलीतल्या एका नावापाशी तिचं बोट थबकलं. एकच अक्षर लहान करायचं, खाली शेरा लिहायचा, की सुटका. खोलीत उजेड स्वच्छ होता. मानेमागे शाईचा मंद वास होता.

घारीनं बोट मागे घेतलं. तिनं आजवर चूक ठेवली नव्हती.

ती काम तसंच करते, कोणालाही मागे टाकेल असं. फक्त पान उलटण्याआधी आता क्षणभर थांबते. मागच्याचं वाचून व्हायचं असतं.