एक थप्पा जास्त

हॉलमध्ये अकरा चेंडू होते. नऊ मुली. दोन बास्केट, त्यातल्या एकीची जाळी तीन ठिकाणी उसवलेली. छतावर चोवीस दिवे, दोन बंद. भिंतीवर एक घड्याळ, चार मिनिटं पुढे. आणि नेमकं जिथे तिला पहिली खूण चिकटवायची होती, तिथे मधल्या वर्तुळात एक माणूस उभा होता. गळ्यात शिट्टी, कमरेवर हात.

"हॉल रिकामा असेल असं मला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"कोणी?"

"क्लबच्या सेक्रेटरींनी."

"म्हणजे... हॉल आमचा असेल असं मलाही त्यांनीच सांगितलं होतं."

त्याला हसू आलं, आणि तिने स्वतःचं हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो फसला.

ती मैदानं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन दीड वर्ष झालं होतं आणि घरच्यांना तिचं काम अजून नीट सांगता येत नव्हतं. काम सोपं होतं. कोर्टावरचं लाकूड नवं बसवलं होतं, आणि चेंडू सगळीकडे सारखाच उसळतो की नाही हे बघायचं होतं. वीस जागा, प्रत्येक जागी पाच वेळा चेंडू सोडायचा, किती वर आला ते लिहायचं. काँक्रीटवर जितका उसळतो त्याच्या नव्वद टक्के उसळला की कोर्ट पास. तीन संध्याकाळी पुरणार होत्या.

"अर्धा हॉल मला द्या," ती म्हणाली.

"माझ्या मुलींना अख्खाही पुरत नाही. त्या पळतात."

"किती?"

"किती काय?"

"किती वेगानं? कुठून कुठपर्यंत?"

प्रशिक्षकाने शिट्टी बोटांत फिरवली. चार वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. लोक विचारायचे, जिंकलात का?

"असं बघा," तो म्हणाला, आणि त्याचे हात आपोआप बोलायला लागले. "समोरचा संघ आपल्या बास्केटवर चाल करून येतो. नेम चुकतो. चेंडू आपल्या हातात. आता ते पाचही जण इकडे आहेत, म्हणजे स्वतःचं घर उघडं टाकून आलेत. ते परत पोचून दाराला कडी लावायच्या आत आपण आत शिरायचं. धावत नाही, पास देत. चेंडूइतकं वेगानं कोणी पळत नाही."

"किती वेळात?"

"सात सेकंद. सातच्या आत गेलो तर दार उघडं असतं."

"आणि तुम्हाला किती लागतात?"

"म्हणजे... जास्त."

"जास्त म्हणजे?"

"मी मनात मोजतो. एक, दोन, तीन..."

"मनातलं घड्याळ," तिने भिंतीकडे बोट दाखवलं, "त्याच्यासारखंच असतं."

त्या संध्याकाळी एक बोली झाली. आधी तासभर ती मोजणार, मग त्या पळणार. आणि त्या पळत असताना ती घरी जाणार. बोलीतला शेवटचा भाग तिने पहिल्याच दिवशी मोडला.

*

ती बाकावर बसून बघत राहिली. नव्या लाकडावर बुटांची चरचर, चेंडूचा धप्प आवाज, मुलींच्या हाका. संघात सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात चपळ जी होती, तिला सगळे चिमणी म्हणायचे. ती पाणी प्यायला आली आणि बाटली तोंडाला लावूनच म्हणाली, "मोजणीताई, आमचं पण काहीतरी मोजा की. सोळा दिवसांनी शेवटची मॅच आहे. हरलो की आम्ही खालच्या गटात आणि सर घरी."

"घरी म्हणजे?"

"घरी म्हणजे घरी! सेक्रेटरीकाकांनी लेखी दिलंय. आणि सर गेले तर ती पोटं सुटलेली जुनी मंडळी येणार शिकवायला. पळू नका, पडाल, असं सांगणारी."

लांब उभ्या प्रशिक्षकाने मुद्दाम दुसरीकडे बघितलं. त्याला ऐकू गेलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी तिने तिवईवर फोन लावला. सेकंदाला एकशेवीस चित्रं टिपणारा कॅमेरा, चेंडूच्या उसळीसाठी घेतलेला. आता तो कोर्टभर फिरणाऱ्या नऊ मुलींवर रोखला होता.

"हे कशासाठी?" त्याने विचारलं.

"तुमचे जास्तीचे सेकंद कुठे सांडतात ते बघायला."

"सापडतील?"

"सांडलंय म्हणजे कुठेतरी ओल असणारच."

तो हसला आणि मुलींकडे वळला, पण वळता वळता तिच्या खुणेच्या पट्टीवर पाय पडू नये म्हणून एक लांब ढांग टाकली. ती पट्टी तिने काल लावली होती. काल तो त्या पट्टीवरूनच चालत होता.

*

घरी जेवणाच्या टेबलावर ती एकेक चित्र पुढे सरकवत होती. वहिनी दवाखान्यातून आली, परिचारिकेचा पांढरा कोट खुर्चीवर टाकला, आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं.

"पेशंट कोण?"

"नऊ मुली. सात सेकंदांच्या जागी सात पूर्णांक नऊ लागतात."

"आणि हा शिट्टीवाला?"

"त्यांचा प्रशिक्षक."

"तुझ्या बत्तीस क्लिप्सपैकी चौदांमध्ये हाच आहे."

"तो दाखवतो ना त्यांना. कसं करायचं ते." ती थबकली. क्लिप मागे घेतली. पुन्हा पुढे. प्रशिक्षकाच्या हातात चेंडू आला. त्याने तो जमिनीवर एकदा आपटला, थप्प, आणि मग पास दिला. तिने पुढची क्लिप लावली. थप्प, मग पास. पुढची. मग चिमणीची. कप्तानाची. चेंडू झेलणारी प्रत्येक मुलगी आधी एकदा थप्पा घेत होती. कारण नसताना. समोर मोकळी मैत्रीण हात वर करून उभी असताना.

एक थप्पा, शून्य पूर्णांक चार सेकंद. चेंडू तीन हातांतून जातो. म्हणजे एक पूर्णांक दोन.

"वहिनी, सापडलं! आणि आजार त्याच्याकडूनच आलाय."

"मग संसर्गजन्य आहे," वहिनी कोट उचलत म्हणाली. "जपून हं."

*

हे सांगायचं कसं? ज्या माणसाची नोकरी टांगणीला लागली आहे, त्याला म्हणायचं की दोष तुमचाच आहे? तिसऱ्या संध्याकाळी तिने शेवटच्या पाच जागा मोजल्या, पट्ट्या सोडवल्या, त्यांचे गोळे केले, ते खिशात घातले, पुन्हा बाहेर काढले. शेवटी फोन त्याच्या हातात दिला आणि ती खाली बघत राहिली.

"मी? छे!"

"चौदापैकी चौदा वेळा."

त्याने सगळ्या क्लिप्स बघितल्या. बाराव्या क्लिपला तो बाकावर बसला.

"आम्ही शिकलो ते कोर्ट सिमेंटचं होतं," तो म्हणाला. "आणि चेंडू दोनच. दोन्हींची हवा जायची. हातात आला की आधी आपटून बघायचं, आहे का जीव याच्यात? नसला तर पास अर्ध्यात खाली पडायचा. मग सगळे बोंबलायचे. म्हणजे... दुधानं तोंड पोळलं होतं हो."

"हे अकराही चेंडू मी तपासलेत," ती हळूच म्हणाली. "कोर्टासाठी एकच लागतो. बाकीचे उगाच. मला बघायचं होतं. सगळ्यांत हवा बरोबर आहे. ताक आहे हे. फुंकायची गरज नाही."

त्याने तिच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ.

मग तो उठला, मुलींना गोळा केलं, आणि काहीही न लपवता सांगितलं, "चूक माझी आहे, तुम्ही ती मन लावून शिकलात. आजपासून हा थप्पा बंद. असं करायचं..." कप्तानाने त्याच्याकडे चेंडू फेकला. त्याने झेलला.

थप्प.

नऊ मुली लाकडावर लोळून हसल्या. त्याने पुन्हा करून बघितलं. थप्प. तिसऱ्यांदा तो दात-ओठ खाऊन उभा राहिला, चेंडू आला, आणि हाताने मालकाला न विचारताच तो आपटला.

"सरांच्या हातात चेंडू देणंच बंद करा!" चिमणी ओरडली. "चेंडूबंदी! मॅचपर्यंत! आणि पहारा मोजणीताईंचा."

"माझं काम आज संपलं," ती म्हणाली.

मुलींनी सरांकडे बघितलं.

"अहवाल लिहायला किती दिवस लागतात?" प्रशिक्षकाने विचारलं. फार साळसूदपणे.

दोन दिवस लागायचे.

"पंधरा," ती म्हणाली.

*

अशी ती रोज सहाला यायला लागली. बाकावर तो, मग मध्ये अकरावा चेंडू, मग ती. चेंडू जवळ आला की त्याचा हात शिवशिवायचा आणि ती नुसती "अंहं" म्हणायची. दाखवता येत नाही म्हटल्यावर त्याला बोलून सांगावं लागे, आणि बोलून सांगताना त्याला स्वतःलाच नव्या गोष्टी कळत.

"झेलायच्या आधी बघ! चेंडू हातात आल्यावर बघायला लागलीस तर उशीर झालाच!" तो ओरडायचा. मग तिला हळूच, "बरोबर आहे ना?"

"मला काय विचारता? मी उंची मोजते."

"माझी मोजलीत का?"

"एक मीटर एक्क्याऐंशी. बुटांसकट."

"म्हणजे... कधी?"

"बास्केटच्या खांबावर माझी खूण होती. तुम्ही तिला टेकून उभे होतात," ती म्हणाली, आणि तिचे कान गरम झाले. हे मोजायचं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सात पूर्णांक सहा. सात पूर्णांक तीन. आठव्या दिवशी पुन्हा सात पूर्णांक सात, कारण कप्तानाला सर्दी झाली होती. दहाव्या दिवशी सहा पूर्णांक नऊ, आणि चिमणीने उसवलेल्या जाळीखाली कोलांटी मारली.

"ते 'अहो-जाहो' पण काढून टाकू या का?" त्या दिवशी त्याने विचारलं. समोर बघत. "त्यातही वेळ जातो."

"किती?"

"तूच सांग."

बाकावरचा चेंडू त्या दिवशी खाली पायाशी होता. कोणी ठेवला ते दोघांनाही आठवत नव्हतं.

पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती आणि ती तिला कुरतडत होती. काहीही महत्त्वाचं विचारलं की तो "म्हणजे..." म्हणायचा, आणि मग थांबायचा. मॅच हरलात तर कुठे जाशील? म्हणजे... दुसऱ्या गावच्या क्लबातून बोलावणं आहे. जाशील? म्हणजे... बघू. रविवारी मोकळा असतोस का? म्हणजे... असतो बहुतेक.

"थप्पा घेतो," तिने वहिनीला सांगितलं. "बोलतानाही. आत हवा आहे का ते आपटून बघतो."

"मग तू पास दे ना. तो विचारेल म्हणून हात वर करून कधीपर्यंत उभी राहणार?"

"आणि त्याने झेलला नाही तर?"

वहिनीने तिच्या केसांवरून हात फिरवला. "तर खाली पडेल. सिमेंटवर पडला तरी चेंडूला काही होत नाही, राणी."

*

मॅचच्या दिवशी तिवई बाकाच्या टोकाला होती. समोरच्या संघातल्या मुली वीतभर उंच होत्या. पहिल्या भागात त्यांनी चिमणीला दोनदा पाडलं. मध्यंतराला नऊ गुण मागे. सेक्रेटरीकाका वरच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते.

प्रशिक्षकाने मुलींना फार काही सांगितलं नाही. "चेंडूंत हवा आहे," एवढंच म्हणाला. "मोजलेली आहे."

दुसऱ्या भागात समोरच्यांचा एक लांबचा नेम चुकला, कप्तानाने उडी मारून चेंडू काढला आणि हवेतून खाली यायच्या आत चिमणीकडे दिला. चिमणीने बघून ठेवलं होतं. चेंडू तिच्या हातांत जेमतेम टेकला आणि निघाला. पलीकडे दार सताड उघडं होतं. मग पुन्हा. मग पुन्हा. उंच मुली धापा टाकत मागे वळत होत्या आणि प्रत्येक वेळी चेंडू त्यांच्या आधी पोचलेला असायचा. कोर्टावर पासांचा आवाज होता, थप्प नव्हतं. तिने आकडे लिहिणं सोडून दिलं आणि त्याची बाही घट्ट धरली. त्याने हात हलवला नाही.

अठ्ठावन्न–त्रेपन्न.

सेक्रेटरीकाका खाली येऊन त्याच्याशी हात मिळवून गेले. मुली नाचून दमल्या, कपडे बदलायला पळाल्या. जाता जाता चिमणीने चेंडू भिरकावला, "सर, बंदी उठली!"

त्याने झेलला. चेंडू त्याच्या हातांत राहिलाच नाही. झेलला तसा तिच्याकडे आला, सरळ छातीच्या उंचीवर, आणि तिने तो कसाबसा धरला.

"बघितलंस?" त्याचा श्वास लागला होता.

"बघितलं." चेंडू गरम होता. "अहवाल उद्या जातोय. कोर्ट पास. सगळीकडे त्र्याण्णव टक्के." तिने चेंडू पोटाशी धरला. "आता मला इथे यायला काही कारण नाही."

तो बोलेल म्हणून ती थांबली नाही.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "तुझं काय?"

त्याचे ओठ मिटले. 'म'साठी मिटतात तसे.

"मलाही तू," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी 'किती?' विचारलंस तेव्हापासून."

तिवईवरचा फोन बंद करायचा राहून गेला होता, हे तिला घरी कळलं. वहिनी समोर बसली होती, हनुवटी हातावर टेकून. वहिनीच्या देखतच तिने क्लिप लावली, आवाज वाढवला, आणि एकेक चित्र पुढे सरकवत गेली. तिचा 'काय' संपल्यापासून त्याचा आवाज सुरू होईपर्यंत.

चोवीस चित्रं. शून्य पूर्णांक दोन सेकंद.