रणदिव्यांचा समुद्र, चार ते साडेसात

"समुद्र परत किती वाजता पाठवू, सर?" उल्का कुबलने विचारलं. चहात साखर किती घालू, हे ज्या आवाजात विचारतात, त्याच आवाजात.

व्हिला क्रमांक सातचे पाहुणे यशोधन रणदिवे पपईच्या फोडीवर लिंबू पिळत होते. "सूर्य बुडाला आणि केक कापून झाला की. साडेसात ठेवा. आठ नको, मंजिरीला डास चावतात."

उल्काने हातातल्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर नोंद केली : समुद्र, ७.३०.

खापरी बेटावरच्या त्या रिसॉर्टमध्ये उल्काचा हुद्दा होता 'अनुभव-आखणीकार'. आलेल्या पाहुण्याला असं काही द्यायचं, जे त्याच वेळी जगात दुसऱ्या कुणालाही मिळत नसेल, हे तिचं काम. एकाला नारळ डोळ्यांदेखत पडलेला बघायचा होता, पण डोक्यावर नको होता. दुसऱ्याला किनाऱ्यावर एकही पाऊल उमटलेलं नको होतं, म्हणून रोज पहाटे चार माणसं वाळू विंचरत आणि मग स्वतःची पावलं पुसत उलटी चालत जात. हे सगळं उल्काने बिनबोभाट जमवलं होतं. पण रणदिव्यांना बायको मंजिरीच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं जेवण भर समुद्रात, कोरड्या वाळूवर हवं होतं.

तशी वाळू होती. बेटासमोर वाळूचा एक दांडा होता. ओहोटीला तो जेमतेम दोन तास उघडा पडायचा आणि मग पुन्हा बुडायचा. दोन तासांत सात पदार्थ, सनईवाला आणि सूर्यास्त कसा बसवणार? म्हणून पाणपडदा.

पाणपडदा म्हणजे समुद्राच्या तळाशी चादरीसारखं अंथरून ठेवलेलं कापड. एरवी मऊ, मासेही त्यावर निजतात. वीज सोडली की त्यातले धागे ताठ होतात आणि दोन पुरुष उंचीची भिंत पाण्यातून उभी राहते. बाहेर भरती चढत राहते, आतला दांडा कोरडा ठणठणीत. मुळात हा शोध लागला तो वादळात किनाऱ्यावरची गावं वाचावीत म्हणून. ज्या बाईंनी तो लावला त्यांनी भर सभेत तसं सांगितलंही होतं. गावांचे अर्ज अजून फिरतायत. रिसॉर्टचा पडदा तीन आठवड्यांत आला.

"अडवलेलं पाणी जाणार कुठे, साहेब?" उल्काने पहिल्याच दिवशी व्यवस्थापक बर्व्यांना विचारलं होतं.

बर्वे पुण्याचे. समुद्राबद्दल त्यांचं मत चांगलं होतं, कारण तो खिडकीतून दिसायचा. "समुद्र मोठा आहे हो, उल्काताई. थोडं इकडे, थोडं तिकडे. अहवालात आहे सगळं. तुमच्या गावाकडच्या चिरेत नऊ इंच जास्त चढेल. शाळेतली पट्टीसुद्धा बारा इंचांची असते!"

चीर म्हणजे हुरसाळे गाव आणि कालवांचं खडप यांच्यामधली पाण्याची अरुंद वाट. ओहोटीला गावातल्या बाया चीर चालत ओलांडून खडपावर जात, खडकाला चिकटलेली कालवं कोयतीने सोडवत आणि पाणी चढायच्या आत टोपली डोक्यावर घेऊन परत येत. उल्काचं शिक्षण त्या कालवांवर झालं होतं. कालवं काढणारी होती तिची इंदू आते.

त्या दिवशी सकाळी उल्काने आतेला फोन लावला.

"आते, आज खडपार जातलंस?"

"नाय तर काय तुझ्या हाटेलात नाचूक येव? आज त्रयोदशी."

"मग साडेचारला परत ये. आज पाणी लवकर चढणार आहे."

पलीकडून असं हसू आलं की उल्काने फोन कानापासून लांब धरला. "कोण म्हणता?"

"कंपनीचं यंत्र म्हणतं."

"तेका सांग, तेरा पाऊण पावणेदहा. पावणेदहाक पुरी भरती, चाराक सुकती. सवापाचपर्यंत खडप माझा, सा वाजता चिरेत पाणी कमरेक. साठ वर्सां झाली, चंद्रान माका कधी फशिवल्यान नाय. आता तुझा यंत्र फशयतला?"

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्या किनाऱ्यावर पोरंसोरंही जाणत. पण इंदू आते ते बोटांच्या पेरांवर इतक्या झरझर करायची की होडीवाले, मासळी नेणारे टेम्पोवाले, एकदा तर बंदरावरचा सरकारी माणूससुद्धा तिच्या दारात येऊन विचारून गेला होता. तिने आयुष्यात कुणाला भरती विचारली नव्हती.

उल्काने आणखी आग्रह करायला हवा होता. पण तिच्याही मनात कुठेतरी तेच होतं. आतेच्या बोटांना कोण खोटं पाडणार? तिने फोन ठेवला आणि केकवर कोणता रंग हवा ते बघायला गेली.

चार वाजता पडदा उभा राहिला. दांड्यावर टेबल मांडलं, जाजम अंथरलं, सनई सुरू झाली. टेबलाच्या कोपऱ्यावर पितळी तबकासारखी एक चकती होती. करारातलं कलमच तसं होतं : चार ते साडेसात हा समुद्र यजमानांचा, म्हणजे रणदिव्यांचा, आणि तो वेळेआधी सोडायचा तर फक्त यजमानांच्या तळहाताने. बर्व्यांच्या नाही, उल्काच्या नाही, वरुणदेव आला असता तर त्याच्याही नाही!

उल्का थोड्या अंतरावर छत्रीखाली उभी होती. वर फिरणाऱ्या ड्रोनचं चित्र तिच्या पाटीवर दिसत होतं. करारात 'निर्मनुष्य क्षितिज' असंही एक कलम होतं, त्यामुळे एखादी होडी चुकून नजरेत येतेय का, यावर तिला लक्ष ठेवायचं होतं. गावच्या होड्या त्यासाठी दुपारपासूनच दूर खाडीत रोखल्या होत्या.

पाच वाजून दहा मिनिटांनी चित्रात चीर आली. उल्काला आधी वाटलं, ड्रोन भलतीकडे गेला. चिरेत चालायची वाट दिसत नव्हती. तपकिरी पाणी भोवरे करत घुसत होतं, आणि मध्यावर सात ठिपके होते.

तिने चित्र मोठं केलं. सात बाया. त्यांनी पदराला पदर बांधून साखळी केली होती. पुढच्या चौघींच्या छातीला पाणी होतं. शेवटची सगळ्यांत बुटकी. तिने टोपली केव्हाच सोडली होती, हनुवटी वर धरली होती आणि एक हात उंच करून ती काहीतरी ओरडत होती. त्या हाताची बोटं उल्काने ओळखली.

नऊ इंच. अरुंद चिरेत पाणी अहवालापेक्षा कितीतरी जास्त चढलं होतं, आणि पावणेपाच फूट उंचीच्या बाईला नुसते नऊ इंचही म्हणजे खांदा आणि नाक यांच्यामधलं अंतर.

तिने बर्व्यांना फोन केला. "साहेब, पडदा पाडा. चिरेत बाया अडकल्यात, माझी आते आहे त्यात."

"बोट पाठवा ना."

"आपल्या बोटी पडद्याच्या आत आहेत. गावच्या तुम्ही क्षितिजाबाहेर घालवल्यात!"

बर्व्यांनी कराराचं पान उलटलं. मग म्हणाले, "माझ्या हातात नाही, उल्काताई. करार आहे. त्यांना विचारा. मात्र जरा नीट विचारा, वाढदिवस आहे."

उल्का वाळूतून धावत टेबलापाशी गेली. दम खात तिने पाटी पुढे धरली. "सर, समुद्र आत्ता सोडावा लागेल. त्या बाया बुडतायत."

रणदिव्यांनी चष्मा वर करून बघितलं. वाईट माणूस नव्हता हो तो. कुत्र्यांचा आश्रम चालवायचा. "अरेरे," तो म्हणाला. "पण त्यांना कळवलं नव्हतं का? कुणीतरी जाईलच की. सूर्य टेकायला तासभर आहे फक्त. एवढा सूर्य बुडू दे, मग लगेच."

"तासाभराने कुणाला काढणार, सर?"

"आवाज चढवू नका. मी काही त्यांना पाण्यात ढकललं नाही."

उल्काने पाटी टेबलावर टेकवली. शेजारी केक कापायची सुरी होती, आणि ती सुरी उचलायचा विचार तिच्या मनात आला नाही, असं म्हणणं खोटं होईल. पण आठ वर्षं तिने एकच विद्या केली होती. या माणसांना काय हवं असतं, ते तिला त्यांच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ती हसली. त्या हसण्याची तिला पुढे कित्येक दिवस शिसारी येत राहिली.

"सर, खरं सांगू? एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती. शेवटचा अनुभव. सूर्यास्त काय, गच्चीवरूनही दिसतो. पण अडवलेला समुद्र मोकळा होऊन बाईसाहेबांच्या पायाशी लोटांगण घालतो, हे आजवर कुणीही पाहिलेलं नाही. कुणीही. फक्त तो आत्ता, उन्हात सोडला तर सोन्यासारखा दिसतो. दहा मिनिटांनी ऊन उतरलं की गेलं."

"कुणीही नाही?" रणदिव्यांनी विचारलं.

"दुबईतही नाही."

तळहात चकतीवर पडला.

पडदा लवला आणि पाणी आत शिरलं. घोटे, पोटऱ्या, गुडघे. जाजम तरंगलं, सनईवाला सनई डोक्यावर धरून खुर्चीवर चढला, केक होडीसारखा निघाला. मंजिरीबाई दोन्ही हातांनी साडी धरून आनंदाने किंचाळत होत्या. तिकडे चिरेत चढलेल्या पाण्याला पसरायला जागा मिळाली आणि ते उतरू लागलं. हनुवटीवरून खांद्यावर आलं, खांद्यावरून छातीवर. उल्का गुडघाभर पाण्यात पाटीकडे बघत ठिपके मोजत होती. सहा गावाच्या काठाला लागले. मग सातवा, हातापायांवर.

गोष्ट इथे संपली असती तर माणसांबद्दल थोडं बरं बोलता आलं असतं.

आठवड्याने बर्व्यांनी उल्काला बोलावलं. समोर पेढे होते. "या, या! रणदिव्यांचा अभिप्राय वाचा. शब्द न् शब्द."

उल्काने वाचला. 'समुद्र माझ्या पत्नीच्या पायाशी आला तो क्षण विसरता येणार नाही. त्याच वेळी दुरून काही स्थानिक स्त्रियांच्या आर्त हाका ऐकू येत होत्या. अंगावर काटा आला. हाका अप्रतिम. मित्रांसाठी हेच पुन्हा हवं आहे, हाकांसकट.'

"बत्तीस जणांनी नावं दिलीत," बर्वे म्हणाले. "तुमचीच कल्पना, तेव्हा आखणीही तुमचीच. त्या सात जणींना रीतसर नेमू. साडीच्या आतून तरंगणारं जाकीट, वरून दिसणार नाही. सगळं सुरक्षित. आणि हो, शेजारच्या तिन्ही बेटांवरच्या रिसॉर्टनीही पडदे मागवलेत. तुम्ही तर उद्योगच उभा केलात!"

"साहेब, त्या मरत होत्या."

"पण मेल्या नाहीत ना? तेच तर सांगतोय."

उल्का तिथून उठली ती थेट धक्क्यावर आली. पेढा तिने समुद्रात टाकला. समुद्राने काय केलं त्याचं, कोण जाणे.

हे तिने आतेला सांगितलं ते चार महिन्यांनी. तोवर तिन्ही बेटांचे पडदे बसले होते. उल्काने नोकरी सोडली होती, तिच्या जागी दुसरी मुलगी आली होती, आणि हाका आता ध्वनिमुद्रित लावत. आते घराच्या पायरीवर बसून नवी टोपली विणत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग कोयती इतक्या जोरात पायरीवर आपटली की चिऱ्याचा टवका उडाला.

"आमचा बोंबलणा तेंका गोड लागला? मी तेव्हा काय बोंबलत होतंय, ठाव आसा तुका? त्रयोदशी, पावणेदहा, त्रयोदशी, पावणेदहा! चंद्राक इचारत होतंय, तू माका कसो फशिवलंस म्हणान. आणि तो बिचारो वरती आपल्या जाग्यार होतो!"

गेल्या महिन्यात दोनदा तिचा हिशेब चुकला होता. एकदा सुकतीच्या वेळी चिरेत भरलेलं पाणी होतं, एकदा भरतीच्या वेळी चीर कोरडी. होडीवाले तिच्या दाराशी यायचे थांबले होते.

"उद्या एकादशी," ती पेरांवर अंगठा फिरवत पुटपुटली. "अकरा पाऊण सवाआठ..." अंगठा मधल्या पेरावर अडला. तिने तो परत पहिल्या पेरावर नेला, पुन्हा मोजलं, आणि हात हळूच पदराखाली घेतला.

उल्काच्या फोनमध्ये रिसॉर्टांच्या संकेतस्थळांवर चारही बेटांची उद्याची आरक्षणं दिसत होती. कुठे वाढदिवस होता, कुठे साखरपुडा, कुठे नुसतीच हौस. प्रत्येकापुढे समुद्राची वेळ होती आणि कुठलीच दुसरीशी जुळत नव्हती.

आतेने तिच्याकडे न बघताच विचारलं, "तुझ्या त्या यंत्रात बघ गो जरा. उद्या भरती किती वाजता आसा?"