खणातली किणकिण

"गप्प! श्वाससुद्धा हळू घे!" वकील कुजबुजला.

"आणखी हळू घेतला तर गुदमरेन मी!" भिंगरी म्हणाली आणि तोंड दाबून हसू लागली.

तिघंही मामाच्या खोलीच्या बंद दाराला कान लावून उभी होती. आतून आवाज येत होता खरा, पण इतका बारीक की रस्त्यावरून गाडी गेली तरी बुडून जावा. किण-किण-किण. मग गप्प. पुन्हा किण-किण-किण.

"रातकिडा आहे," भिंगरीने निकाल दिला.

"भर दुपारी?" वकील म्हणाला. "रात्र व्हायची आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही वाटतं!"

हा आवाज खारूने कालही ऐकला होता, पण एकटीने. एकटीने ऐकलेलं खरं की आपल्याच कानातलं, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून आज तिने शेजारच्या या बहीणभावांना बोलावून आणलं होतं. भिंगरी दहा वर्षांची, एका जागी उभी राहिली तर आजारी पडेल अशी. वकील तेरा वर्षांचा. बाईंनी शिक्षा केली तरी तो आधी वाद घालायचा आणि मग अंगठे धरायचा, म्हणून हे नाव.

खारू स्वतः बारा वर्षांची. तिची आई समुद्राचा तळ मोजणाऱ्या जहाजावर यंत्रं सांभाळायची. घरात दोघीच, त्यामुळे आई जहाजावर गेली की खारूची सुट्टी मामाकडे. जहाजावर फोन लागत नसे. इंटरनेट होतं, तेही पाळीपाळीने. दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान कधीतरी प्रत्येकाला दहा मिनिटं मिळत. त्या दहा मिनिटांत आई मामाच्या कॉम्प्युटरवर कॉल करायची. मामाचा खिशातला फोन जुनाट, नुसता बोलण्यापुरता.

मामा कोर्टासाठी काम करायचा. साक्षीदारांचं रेकॉर्डिंग ऐकून शब्दन्‌शब्द टाइप करायचा. काम गुप्त, म्हणून पहिल्याच दिवशी त्याने नियम सांगितला होता. "खोलीत एरवी पाऊल टाकायचं नाही. वाजलं की यायचं, पडदा चालू करायचा, हिरवं बटण दाबायचं. बोलून झालं की बाहेर!"

पहिले तीन दिवस टेबलावरचे स्पीकर वाजले. नंतर बारा दिवस काहीच नाही.

"समुद्रात नेट नसेल गं," मामा टाइप करता करता म्हणाला होता.

खारूने पुन्हा विचारलं नाही. आईला वेळ मिळत नसेल, असं ती स्वतःला समजावत राहिली. आठव्या दिवशी तिने समजावणंही सोडून दिलं. रोज तीन वाजता मामा कागद पोचवायला कोर्टात जायचा. मग त्या घरात ती, ठिबकणारा नळ आणि घुरघुरणारा फ्रिज. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ती ऐकत बसायची.

"आत जाऊ या का?" भिंगरीने विचारलं.

"नियम आहे," खारू म्हणाली.

वकिलाने घसा खाकरला. "नियमाचे शब्द काय? 'वाजलं की यायचं.' किती मोठ्याने वाजलं पाहिजे, हे मामांनी सांगितलंय?"

"नाही."

"मग हे वाजतंय! चला!"

दार ढकलून तिघं आत शिरली. खारूने कागदांकडे न बघता आवाजाचा माग काढला. स्पीकर गप्प होते. आवाज टेबलाच्या खणातून येत होता! तिने खण ओढला. आत मामाचे नवे, मोठे हेडफोन पडले होते आणि तेच किणकिणत होते. तिने ते कानाला लावले.

ही तर आईच्या कॉलची धून!

तिने घाईघाईने पडद्याचं बटण दाबलं. पडदा उजळेपर्यंत धून तुटली. क्षणभर अक्षरं दिसली, 'कॉल चुकला', आणि मग पासवर्ड मागणारी निळी चौकट.

"आई?" खारू हेडफोनमध्येच म्हणाली. उत्तर कुठून येणार? तरी ती ते कानाला लावून उभी राहिली. भिंगरीसुद्धा मिनिटभर जागची हलली नाही.

मामा घरी आला तेव्हा खारूने त्याला सरळ सगळं सांगितलं. त्याने निरोपांची यादी उघडली आणि त्याचा चेहरा उतरला. रोज सकाळी ऑफिसचे दोनशे निरोप 'वाचले' म्हणून एका फटक्यात उडवायची त्याची सवय. त्यांतच आईचेही गेले होते. *खारू, बाहेर होतीस का? खारू, रुसलीस का माझ्यावर?* आणि आजचा: *शनिवारपर्यंतच नेट आहे. मग जहाज आणखी आत जाणार. तीन आठवडे काही नाही.*

तो गुरुवार होता.

"हे नवे हेडफोन आणल्यापासून काम करताना आवाज तिकडे वळवावा लागतो," मामा ओशाळून म्हणाला. "कॉम्प्युटरमध्ये तीन ठिकाणी जाऊन. शिवाय कान दुखतात म्हणून आवाज कमी करतो. जाताना पूर्ववत करायचं राहूनच जातं. चुकलंच माझं! उद्या नक्की करीन."

"मी दुपारी तुझ्या खोलीत बसू?"

"साक्षीदारांचे कागद असतात, बाळा. नको. पण उद्या वाजणार म्हणजे वाजणार!"

खारूने आईला दोन ओळी टाइप केल्या, *रुसले नाही. आवाजच कळत नव्हता. उद्या कर.* आणि खोलीबाहेर आली.

शुक्रवारी रस्ता खणणारं यंत्र सकाळपासून धडधडत होतं. तिघं दारापाशी मांड ठोकून बसली. चारला यंत्र क्षणभर थांबलं आणि त्या शांततेत ऐकू आलं, किण-किण. एकदाच. आत धावेपर्यंत संपलंसुद्धा.

मामा विसरला होता.

"हद्द झाली!" भिंगरी किंचाळली. "एवढं सांगून!"

"पडद्यावर चिठ्ठी लावू," वकील म्हणाला.

"अकरा आहेत आधीच." खारू भिंतीला टेकून बसली. रडून शनिवार काही पुढे जाणार नव्हता. "तो विसरणारच. तो विसरला तरी चालेल असं काहीतरी पाहिजे."

आणि मग ती हळूहळू बोलू लागली. इतके दिवस बाहेर बसून ऐकलेलं. "काम करताना त्याचा खण उघडा असतो. तीन वाजता खुर्ची सरकते. मग हेडफोन खणात आपटतात. मग तो गुडघ्याने खण धाडकन बंद करतो. मग चपला. एकही दिवस चुकत नाही."

"मग?"

"फ्रिजचं दार लावलं की आतला दिवा विझतो ना? दाराने बटण दाबलं जातं म्हणून! तसंच खणाच्या मागे बटण बसवायचं. खण बंद झाला की आवाज स्पीकरला, उघडला की हेडफोनला!"

वकिलाने तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वाद न घालता मिटलं.

गल्लीच्या टोकाला दुरुस्तीवाल्या मावशींचं दुकान होतं. रेडिओ, पंखे, मिक्सर, जे बंद पडेल ते त्यांच्याकडे. चष्म्याची तुटलेली काडी त्यांनी तांब्याच्या तारेने बांधली होती. तिघांची एकदमची बडबड त्यांनी हात वर करून थांबवली. "एकाने बोला. आणि तू उड्या मारू नकोस, डबे पडतील."

खारूने सांगितलं. मावशी ऐकत राहिल्या.

"फ्रिजचं बटण चालणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यात एकच तार बदलते. तुला डाव्या कानाची आणि उजव्या कानाची, दोन्ही एकाच वेळी बदलायला हव्यात." त्यांनी एक मोडका टेलिफोन पुढे ओढला. "हे बघ. रिसीव्हर ठेवला की दबतो तो खटका. यात पट्ट्यांच्या जोड्या असतात. काढ!"

"आणि मामा आवाज कमी करून ठेवतो, त्याचं काय?" भिंगरीने विचारलं.

"कॉम्प्युटरचा आवाज मोठाच राहू दे," खारू विचार करत म्हणाली. "कमी-जास्त करायचं गोल बटण फक्त हेडफोनच्या वाटेवर घालू. स्पीकरच्या वाटेवर काही नाही!"

मावशींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. आत्ताच सुचलं."

जुन्या रेडिओचं गोल बटण निघालं. साबणाच्या डबीला भोकं पाडली वकिलाने. भिंगरीला तारा सोलायचं काम मिळालं आणि तिची बोटं तिच्या पायांइतकीच भराभर चालली. तारांच्या जोडांवर कथलाचा डाग लावला खारूने. कथिल वितळून चमकायचं, तेव्हा ती श्वास रोखून धरायची. एक तार कॉम्प्युटरकडून आत, तिथून खटक्याकडे, खटक्यापासून दोन वाटा.

पहिल्या खेपेला एकाच कानात आवाज आला. एक डाग कच्चा होता. दुसऱ्या खेपेला बटण वाढवायला फिरवलं तर आवाज कमी झाला!

"उलटं जोडलंस," मावशी म्हणाल्या. "टोकाच्या दोन तारांची अदलाबदल कर."

तिसऱ्या खेपेला मावशींच्या रेडिओवर बातम्या सांगणारी बाई खटक्याच्या एका दाबाने हेडफोनमधून स्पीकरमध्ये गेली आणि खटका सोडला की परत आली. भिंगरीने उडी मारली आणि दोन डबे पडलेच!

शनिवारी सकाळी मामाने कागद चादरीखाली झाकले. "दहा मिनिटं. आणि कुणी चादर उचलायची नाही."

"शपथेवर सांगतो," वकील छातीवर हात ठेवून म्हणाला.

खटका खणाच्या मागच्या फळीवर स्क्रूने बसला, गोल बटणाची डबी टेबलाच्या कडेला. मामाने हेडफोन चढवले, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि बघू तरी म्हणून गुडघ्याने खण लोटला.

"त्या दिवशी मी घरी नव्हतोच, साहेब!" स्पीकरमधून साक्षीदार गरजला.

मामाने दचकून खण उघडला. खोली पुन्हा शांत. "अरे, गुप्त आहे ते!"

"म्हणूनच काम करताना तू खण बंद ठेवूच शकणार नाहीस," खारू म्हणाली.

तीन वाजता खुर्ची सरकली, हेडफोन आपटले, खण धाडकन बंद झाला. मामा गेला. बाहेर यंत्र धडधडत होतं. साडेतीन. चार. पावणेपाच. खारूला वाटू लागलं, आईने कंटाळून नाद सोडला असेल. बारा दिवस कुणी उचललं नाही, तर आपणही सोडला असता.

पाच वाजून दहा मिनिटांनी स्पीकर वाजले. यंत्राच्या धडधडीवर मात करत, दार थरथरवत, सगळ्या घरभर!

"वाजलं!" भिंगरी ओरडली.

खारूने हिरवं बटण दाबलं. पडद्यावर आई होती. वाऱ्याने विस्कटलेले केस, गालावर काळ्या तेलाचा डाग.

"मला वाटलं, मोठी झालीस," आई म्हणाली. "माझ्याशी बोलावंसं वाटत नाही आता."

"मला वाटलं, तू विसरलीस!"

भिंगरीला वकिलाने दंड धरून बाहेर नेलं. त्या दहा मिनिटांत खारूने मोडका टेलिफोन, साबणाची डबी, कच्चा डाग सगळं सांगितलं. यंत्रं सांभाळणारी आई मध्येच म्हणाली, "थांब, थांब! गोल बटण फक्त हेडफोनच्या वाटेवर? खारू, आमच्या जहाजावरच्या इंजिनिअरला हे सुचलं नसतं." मग ती आणखी काही सांगणार, तोच चित्र थिजलं आणि पडदा रिकामा झाला.

मामा परतला तेव्हा त्याच्यासोबत दुरुस्तीवाल्या मावशी होत्या. वाजलं की नाही, हे विचारायला त्या दुकान बंद करून आल्या होत्या. खारूने हसत मान डोलावली.

"वाजणारच!" मावशी म्हणाल्या. "तिसऱ्या खेपेचा डाग मी स्वतः तपासला होता. असा स्वच्छ डाग मला शिकायला वर्ष लागलं. सोमवारी ये. दोन पंखे आहेत, माझ्या एकटीच्याने उरकत नाहीत. आणि ती उड्या मारणारी पण चालेल, हात चांगला आहे तिचा."

"आणि मी?" वकील म्हणाला.

"तू गिऱ्हाइकांशी बोल."

सगळे गेल्यावर मामा बराच वेळ खोलीच्या दारात उभा राहिला. "मी दिवसभर परक्या माणसांचं बोलणं ऐकतो, एक शब्द सुटू देत नाही," तो म्हणाला. "आणि तू बारा दिवस बाहेर बसलेली मला कळलं नाही. तू मात्र माझा गुडघासुद्धा ऐकलास."

तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस, हे खारूने मोजून ठेवलं होतं. आई नसलेलं घर आजही तेवढंच रिकामं होतं.

मामाने दुसऱ्या खुर्चीवरचा कागदांचा गठ्ठा उचलला, कुठे ठेवावा ते न कळून शेवटी जमिनीवर ठेवला आणि खुर्ची ओढून आपल्या खुर्चीजवळ आणली.

"बस," तो म्हणाला. "आई काय म्हणाली, ते पहिल्यापासून सांग."