दोन लाव्ह्यांच्या मधल्या वेळात

हसनाबादच्या शिवारात नवी विहीर खोदणं चालू होतं. बाहेर काढलेल्या दगडांच्या ढिगावर चढून मी हातोडी चालवत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ओ म्याडम, आमच्या दगडानं काय घोडं मारलं तुमचं?"

विहीर त्याचीच. कल्याण त्याचं नाव. मी मस्तगडची तृप्ती, भूगर्भशास्त्र शिकते, आणि पकडली गेले की जरा जास्तच बोलते. सांगत सुटले... आपली सगळी जमीन म्हणजे थरावर थर थिजलेला लाव्हा. एक थर निवला की मधे शांत काळ. तळी साचायची, गवत उगवायचं, गोगलगायी यायच्या. मग पुन्हा लाव्हा, पुन्हा सगळं गाडलेलं.

तो दगड सोडून माझ्याकडेच बघत होता.

"मंग त्या गोगलगायी इथंच आसतील की!"

"सापडली तर कळवा," म्हणत मी नंबर दिला. जरा घाईनंच.

दिसेल त्या दगडाचा फोटो येऊ लागला. मग "जेवलात का?" यायला लागलं. आणि एके दिवशी खरंच, पांढुरक्या दगडात वेटोळं घातलेला इवलासा शंख! मी आनंदात लिहिलं — "रविवारी बघायला येते. पटलं तर लगेच नक्की करू."

रविवारी त्याच्या दारात रांगोळी होती. कांदेपोह्यांचा वास. कल्याण नव्या शर्टात. आतून कुणी ओरडलं, "जल्दी करा, बघायला येऊन राह्यले!"

म्हणजे याचं लग्न ठरतंय... आणि मी आपली दगडासाठी आले! डोळे भरून आले. मी मागे वळले.

"आगं, कुठं चालली?" त्याच्या आईनं, द्वारकाबाईंनी, हात धरला. "तूच लिहिल्तं ना, बघायला येते म्हणून? ह्यानं वाचून दाखवलं. म्हणलं, पोरगी स्वतःच येती, जमाना बदलला!"

"मी... मी गोगलगाय बघायला आल्ते!"

कल्याणचा चेहरा पडला. त्यानं धुऊन ठेवलेला दगड पुढे केला. "माझंच चुकलं वाचताना. घ्या... हिचं तरी नक्की करा."

मी शंख निरखला.

"गोगलगाय आहे, नक्की," मी म्हणाले. "आणि मुलगाही... पसंत आहे."

"हुश्श!" द्वारकाबाई खालीच बसल्या. "खा मंग पोहे, गार होऊन राह्यले."

कल्याण हळूच जवळ सरकला. "म्याडम, पुन्हा लाव्हा कधी येतो?"

"इतक्यात नाही."

"मंग बराबर. तेवढ्यात आपला संसार होतो."